हृदयाचा लगाम

एकत्र कुटुंबांत बहुतेक गोष्टी सामाईक असतात. देवघर सामाईक, स्वयंपाकघर सामाईक, पाहुणा आला तर त्याचा आदरसत्कार सामाईक, आणि घरावर संकट आलें तर त्याचा भारहि सर्वांनीं मिळून उचलावयाचा. आपल्या कुटुंबपद्धतीचें सारें बळ ह्या सामाईकपणांत आहे, हें कोणीहि सुज्ञ मनुष्य नाकारणार नाहीं. तथापि एक वस्तु अशी आहे कीं, ती सामाईक झाली म्हणजे जिवावर बेतूं शकतें. ती वस्तु म्हणजे औषध. गेल्या वर्षीं आमच्या घरांत चार महिन्यांच्या आंत असे दोन प्रसंग घडले. दोन्ही प्रसंगीं कोणाचाहि हेतु वाईट नव्हता. एका प्रसंगीं तर निव्वळ मायाच होती. तरीहि दोन्ही वेळां आम्हांस धांवतपळत रुग्णालय गांठावें लागलें. विशेष हें कीं, दोहोंच्या मुळाशीं एकाच जातीचें औषध होतें. ज्यानें तें सोडूं नये त्यानें सोडलें, आणि जिनें घेऊं नये तिनें घेतलें.

पहिला प्रसंग आमच्या थोरल्या काकांचा. त्यांचें वय एकाहत्तर. सहा वर्षांपूर्वीं त्यांस हृदयविकाराचा झटका येऊन गेला व हृदयाचा स्नायु कांहींसा दुर्बल झाला. तेव्हांपासून इतर औषधांबरोबर मेटोप्रोलॉल नांवाची एक गोळी ते रोज सकाळीं घेत असत. प्रकृति इतकी सुधारली होती कीं, आपण कधीं आजारी होतों हेंच ते विसरून गेले होते. भाद्रपदांत नेमाप्रमाणें ते गणपतीसाठीं कोंकणांत गांवीं गेले आणि गोळ्यांची डबी पुण्यास राहिली. तालुक्याच्या गांवाहून गोळ्या आणवूं, असें पुतण्यानें सुचविलें, तेव्हां काका हंसून म्हणाले, "अरे, सहा वर्षें घेतों आहें. चार दिवस नाहीं घेतली तर काय आभाळ कोसळणार आहे?" पांचव्या दिवशीं विसर्जन आटोपून व्हाळावरून घाटी चढतांना ते एकाएकीं खालीं बसले. छातींत कळ, अंगाला घाम, आणि नाडी अशी धांवत होती कीं मोजतां येईना. रुग्णालयांतील डॉक्टरांनीं सर्वांत प्रथम प्रश्न विचारला तो असा: "रोजची कोणती गोळी चुकली आहे काय?" ईश्वरकृपेनें प्रसंग थोडक्यांत निभावला.

दुसरा प्रसंग माझ्या धाकट्या बंधूंच्या कन्येचा. ती महाविद्यालयांत शिकते व गाणेंहि शिकते. पौषांत तिची गायनस्पर्धा होती. स्पर्धेच्या दिवशीं सकाळपासून तिचे हात गार पडले, घशास कोरड पडली, छाती धडधडूं लागली. आमच्या आत्याबाई घरींच असतात. त्यांचे हात कांपतात, आणि त्यासाठीं डॉक्टरांनीं त्यांस प्रोप्रॅनोलॉल दिलें आहे. पोरीची ती अवस्था पाहून त्यांचें मन द्रवलें. "अगं, माझी ही गोळी घे बघूं. माझे हात कांपायचे थांबतात, तुझी धडधडहि थांबेल," असें म्हणून त्यांनीं आपल्या हातानें तिला गोळी व पाणी दिलें. धडधड थांबली हें खरें. पण तासाभरांत मुलीची छाती भरून आली आणि श्वास सूं-सूं वाजूं लागला. लहानपणीं तिला दमा होता. दहा वर्षांत एकहि खेंच आली नव्हती, म्हणून घरांतील सर्वजण तो विसरले होते. औषध मात्र विसरलें नव्हतें. दोन दिवस ती रुग्णालयांत होती, आणि आत्याबाईंनीं ते दोन दिवस अन्न गोड मानलें नाहीं.

हीं दोन्ही औषधें ज्या कुळांतील आहेत त्यास इंग्रजींत 'बीटा-ब्लॉकर' म्हणतात. आपण त्यांस बीटा-रोधक म्हणूं. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बायसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, नेबिव्होलॉल, प्रोप्रॅनोलॉल हीं त्यांपैकीं आपल्याकडे नेहमीं आढळणारीं नांवें. दुकानदारी नांवें कांहींहि असोत, वेष्टणावरील मूळ नांवाचा शेवट 'लॉल' असा असला तर तें औषध बहुधा ह्याच कुळांतील असतें. आज असें घर विरळा कीं जेथें वडील माणसांपैकीं एकाच्या तरी डबींत हें औषध नाहीं. अशा औषधाची ओळख घरांतील सुशिक्षित माणसांस असावी, ह्या हेतूनें, मी स्वतः वैद्य नसतांहि, डॉक्टरांकडून जें समजून घेतलें व वाचून पारखलें तें येथें मांडीत आहें.

लगाम कसा लागतो?

मनुष्य भ्याला, रागावला किंवा पळूं लागला म्हणजे त्याचें हृदय जोरानें उडूं लागतें, हा सर्वांच्याच अनुभवाचा विषय आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर ज्या दोन लहान ग्रंथि आहेत त्यांतून अशा वेळीं अड्रेनॅलिन नांवाचा रस रक्तांत उतरतो, आणि हृदयास जाणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांतून त्याचाच भाऊबंद असा दुसरा रस स्रवतो. हे दोन्ही रस निरोप्याचें काम करितात: "संकट आलें आहे, वेग वाढवा!" परंतु निरोप्या आला तरी त्याला आंत घेण्यास घराला दार हवें. शरीरांतील पेशींवर अशीं सूक्ष्म दारें आहेत, आणि तीं सर्व एकाच प्रकारचीं नाहींत, ही गोष्ट अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांतांत संशोधन करणाऱ्या रेमंड आल्क्विस्ट ह्या शास्त्रज्ञानें १९४८ सालीं दाखविली. त्यानें ह्या दारांचे दोन वर्ग केले व ग्रीक वर्णमालेवरून त्यांस आल्फा आणि बीटा अशीं नांवें दिलीं. ह्या निबंधाचें प्रारंभीं स्वागत झालें नाहीं. ज्या नियतकालिकाकडे तो प्रथम गेला त्यानें तो परत केला, आणि छापून आल्यावरहि जवळजवळ दहा वर्षें त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं.

पुढें ह्या बीटा दारांचेहि पोटभेद असल्याचें आढळून आलें. पहिल्या प्रकारचीं दारें मुख्यतः हृदयांत असतात. त्यांवर निरोप पोंचला कीं हृदयाचा वेग व जोर दोन्ही वाढतात. दुसऱ्या प्रकारचीं दारें श्वासनलिकांत आणि कांहीं रक्तवाहिन्यांत असतात; त्यांवर निरोप पोंचला कीं श्वासनलिका सैल होऊन श्वासाचा मार्ग मोकळा होतो. बीटा-रोधक औषध ह्या दारांशीं जाऊन बसतें व निरोप्यास आंत जाऊं देत नाहीं. कुलपांत एक निरुपयोगी किल्ली अडकवून ठेवावी, म्हणजे खरी किल्ली आंत शिरत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. मेटोप्रोलॉल किंवा बायसोप्रोलॉल हीं औषधें बहुतांशीं हृदयाचींच दारें अडवितात. प्रोप्रॅनोलॉल मात्र दोन्ही प्रकारचीं दारें सारखींच बंद करितें. आमच्या पुतणीचा श्वास कां कोंडला, ह्याचें उत्तर ह्या एका वाक्यांत आहे. दम्याच्या खेंचेवर जें औषध श्वासावाटे देतात तेंहि ह्याच दुसऱ्या दारांतून आंत जातें. तें दारच बंद असल्यानें रुग्णालयांत त्या औषधाचा गुण येण्यासहि विलंब लागला.

आंथरूण पाहून पाय पसरावे

आल्क्विस्टच्या निबंधाचें मोल ज्यानें ओळखलें तो मनुष्य म्हणजे जेम्स ब्लॅक हा स्कॉटिश डॉक्टर. त्या काळीं हृच्छूळाच्या रोग्यास, म्हणजे चालतांना वा चढतांना ज्याच्या छातींत कळ येते त्यास, कोणतें औषध द्यावें ह्याचा विचार एकाच दिशेनें होत असे: हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या कशा रुंद कराव्या व अधिक रक्त कसें पोंचवावें? ब्लॅकनें प्रश्नच उलटा केला. उत्पन्न वाढवितां येत नसेल तर खर्च कमी करावा, ही गोष्ट आपल्याकडील कोणतीहि गृहिणी सांगेल. हृदयास मिळणारा प्राणवायु वाढवितां येत नाहीं, तर हृदयाची प्राणवायूची मागणीच कां कमी करूं नये? हृदय सावकाश चाललें तर त्याचा खर्च कमी होईल. शिवाय हृदयाच्या स्वतःच्या स्नायूस रक्त मिळतें तें मुख्यतः दोन ठोक्यांमधील विश्रांतींत, आणि वेग मंदावला म्हणजे ती विश्रांति लांबते. म्हणजे एकाच युक्तीनें खर्च कमी आणि मिळकत जास्त.

१९५८ सालीं ब्लॅक इंग्लंडांतील एका मोठ्या रसायन-कंपनीच्या संशोधन-विभागांत दाखल झाला. त्याचें पहिलें औषध प्रोनेथॅलॉल १९६२ सालीं पुढें आलें. परंतु त्यानें उंदरांत अर्बुदें होतात असें दिसतांच तें बाजूस सारावें लागलें. त्यानंतर प्रोप्रॅनोलॉल सिद्ध झालें, १९६४ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध झाली, व पुढील वर्षीं तें विक्रीस आलें. हृच्छूळासाठीं शोधलेलें हें औषध रक्तदाबहि उतरवितें असें लंडनमधील डॉक्टर प्रिचर्ड ह्यांच्या लक्षांत आलें. १९८८ सालीं ब्लॅक ह्यांस वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज हे त्यांचे सहमानकरी होते.

ह्या औषधाची सर्वांत मोठी कसोटी लागली ती हृदयविकाराच्या झटक्यांतून वांचलेल्या रोग्यांवर. १९८१ सालीं नॉर्वेमधील डॉक्टरांनीं टिमोलॉल ह्या औषधानें अशा रोग्यांतील मृत्यु कमी होतात असें दाखविलें. १९८२ सालीं अमेरिकेंत ३,८३७ रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल आला. खोटी गोळी मिळालेल्यांपैकीं शेंकडा ९.८ मरण पावले होते, तर प्रोप्रॅनोलॉल मिळालेल्यांपैकीं शेंकडा ७.२. वरवर पाहतां हा फरक लहान वाटेल. परंतु हजार घरांमागें सव्वीस घरांतील कर्तें माणूस वांचलें, असा त्याचा अर्थ होतो.

शास्त्र चुकतें आणि शिकतें

परंतु औषधाचा इतिहास हा केवळ विजयाचा इतिहास नसतो. १९७० सालीं प्रॅक्टोलॉल नांवाचें बीटा-रोधक बाजारांत आलें. तें फुफ्फुसांस कमी त्रास देतें म्हणून त्याची वाहवा झाली. चारपांच वर्षांत असें दिसून आलें कीं, कांहीं रोग्यांच्या डोळ्यांतील ओलावा आटून दृष्टि बिघडते, त्वचेवर चट्टे उठतात, आणि कित्येकांच्या पोटांतील आवरण जाड होऊन आंतडीं आवळलीं जातात. तें औषध मग सर्वसाधारण वापरांतून काढून घेण्यांत आलें. आज मिळणाऱ्या बीटा-रोधकांत हा दोष नाहीं. तथापि नवें म्हणून निर्धोक असें समजूं नये, हा धडा त्यानें कायमचा दिला.

ह्याच्या उलटहि एक उदाहरण आहे. ज्याचें हृदय दुर्बल होऊन पाय सुजतात व धाप लागते, अशा रोग्यास हें औषध देणें म्हणजे थकलेल्या बैलाच्या पायांत खोडा घालणें, असें पूर्वीं पाठ्यपुस्तकांतून शिकविलें जाई. १९७५ सालीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील वागस्टाइन व त्यांचे सहकारी ह्यांनीं अशाच सात रोग्यांस हें औषध दिलें आणि रोगी सुधारले. प्रथम कोणाचा विश्वास बसेना. परंतु १९९९ सालीं २,६४७ रोग्यांवरील एका प्रयोगांत बायसोप्रोलॉलनें मृत्यूचें प्रमाण शेंकडा १७.३ वरून ११.८ वर आणिलें, आणि वाद मिटला. थकलेल्या बैलास चाबूक नको होता, विसावा हवा होता. आजहि दुर्बल हृदयाच्या उपचारांत हें औषध मुख्य औषधांपैकीं एक गणलें जातें. अर्थात् तें अगदीं अल्प मात्रेनें आरंभून आठवड्यांच्या अंतरानें वाढवीत न्यावें लागतें. घाई केली तर रोगी अधिकच खालावतो.

रक्तदाबाच्या बाबतींत मात्र ह्या औषधाचें आसन थोडें खालीं सरकलें आहे. केवळ रक्तदाब असून हृदयाची दुसरी तक्रार नसेल तर पक्षाघात टाळण्याच्या कामीं इतर औषधें अधिक चांगलीं, असें २००२ सालच्या एका मोठ्या प्रयोगांत ॲटेनोलॉलची तुलना करितां आढळलें. २००६ पासून ब्रिटनमध्यें रक्तदाबाच्या पहिल्या पसंतीच्या औषधांतून बीटा-रोधकें वगळण्यांत आलीं. झटक्यानंतर प्रत्येकानें जन्मभर हें औषध घ्यावें काय, ह्या प्रश्नाचाहि आज पुनर्विचार चालू आहे. बंद रक्तवाहिनी तत्काळ उघडण्याचे उपाय आतां झाले असल्यानें पुष्कळांचें हृदय झटक्यानंतरहि बळकट राहतें. अशा ५,०२० रोग्यांवरील, मुख्यतः स्वीडनमध्यें झालेल्या प्रयोगाचा निकाल २०२४ सालीं आला, व त्यांत औषध घेणारे आणि न घेणारे ह्यांच्यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. परंतु त्याच वर्षीं फ्रान्समधील ३,६९८ रोग्यांवरील प्रयोगांत, पूर्वींपासून चाललेलें औषध थांबविणें हें तें चालू ठेवण्याइतकेंच निर्धोक आहे, असें सिद्ध होऊं शकलें नाहीं. ह्यावरून वाचकांनीं एवढाच बोध घ्यावा कीं, "मला ह्या गोळीची आज गरज आहे काय?" हा प्रश्न डॉक्टरांस विचारणें सर्वथा योग्य आहे, त्याचें उत्तर आपलें आपणच ठरविणें योग्य नाहीं. काकांनीं हाच प्रश्न पुढें विचारला. त्यांचें हृदय दुर्बल असल्यानें त्यांस गोळी हवीच, असें उत्तर मिळालें.

हृदयाबाहेरहि ह्या औषधाचे उपयोग पुष्कळ आहेत. अर्धशिशी वारंवार उठूं नये म्हणून तें देतात. कंपवाताहून निराळा असा जो हातांचा कंप कांहीं घराण्यांत आढळतो, त्यावर तें गुणकारी आहे. थायरॉइड ग्रंथि उफाळली असतां होणारी धडधड व थरथर तें आवरतें. यकृत निबर झालेल्या रोग्यास रक्ताची वांति होऊं नये म्हणूनहि तें उपयोगी पडतें. काचबिंदूसाठीं डोळ्यांत घालावयाच्या थेंबांत टिमोलॉल असतें. गरोदर स्त्रीचा रक्तदाब वाढला तर लॅबेटॅलॉल देण्याचा प्रघात आहे. ॲटेनोलॉलनें गर्भाची वाढ खुंटण्याचा संभव असल्यानें तें अशा वेळीं टाळतात. २००८ सालीं फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांस एक नवलच दिसलें. हृदयाच्या तक्रारीसाठीं एका तान्ह्या मुलास प्रोप्रॅनोलॉल दिलें असतां त्याच्या चेहऱ्यावरील रक्तवाहिन्यांची मोठी लाल गांठ विरूं लागली. आज अशा गांठींवर हेंच प्रमुख औषध ठरलें आहे. सभाभय कमी करण्याचा गुणहि त्याच्या अंगीं खरोखर आहे. म्हणूनच नेमबाजीसारख्या खेळांत त्यास मनाई असून, २००८ सालीं बेजिंगच्या ऑलिंपिकांत उत्तर कोरियाच्या एका नेमबाजास ह्याच कारणानें आपलीं दोन पदकें परत करावीं लागलीं. म्हणजे आत्याबाईंचा तर्क चुकला नव्हता. ज्या देहास ती गोळी दिली त्या देहाचा इतिहास त्यांस आठवला नाहीं, एवढीच काय ती चूक.

सोडतांना आणि घेतांना

आतां काकांच्या चुकीचा विचार करूं. सहा वर्षें घेतलेली गोळी चार दिवस न घेतल्यानें एवढा अनर्थ कां व्हावा? ह्याचें कारण असें कीं, दारें अडविलेलीं पाहून शरीर गप्प बसत नाहीं; तें नवीं दारें उघडतें. औषध चालू आहे तोंवर तीं नवीं दारेंहि अडविलेलीं राहतात. औषध एकाएकीं बंद झालें कीं जुनीं-नवीं सारीं दारें एकदम मोकळीं होतात, आणि अड्रेनॅलिनचा निरोप पूर्वींच्या दुप्पट जोरानें आंत शिरल्यासारखें होतें. घोड्याचा लगाम उतारावर एकदम सोडून द्यावा, तशी ती स्थिति होय. प्रोप्रॅनोलॉल अकस्मात् थांबविल्यानें हृच्छूळ बळावतो, झटका येतो, प्रसंगीं मृत्युहि येतो, असे अनुभव १९७५ च्या सुमारास नमूद झाले, आणि तेव्हांपासून त्या औषधाच्या माहितीपत्रकांत ही सूचना ठळकपणें छापण्यांत येते. औषध थांबवावयाचेंच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं एकदोन आठवड्यांत, केव्हां त्याहूनहि सावकाश, मात्रा उतरवीत आणावें लागतें.

एखाद्या दिवशीं गोळी विसरली तर दुसऱ्या दिवशीं दोन घेऊं नयेत; नेहमींचीच एक घ्यावी. उपासाच्या दिवशीं गोळी टाळण्याची चाल कांहीं घरांत आहे. परंतु व्रतास बाध न आणणाऱ्या आठ वस्तूंत आपल्या शास्त्रकारांनींच औषधाची गणना केली आहे, हें आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. मधुमेही माणसाच्या उपासाविषयीं मात्र अधिक सावध असावें. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची साखर फार उतरली म्हणजे हात थरथरतात, छाती धडधडते, व त्यावरून तो सावध होतो. बीटा-रोधक हीं दोन्ही लक्षणें झांकून टाकतें. घाम मात्र झांकला जात नाहीं. म्हणून अशा माणसास अकारण दरदरून घाम सुटला तर घरच्यांनीं तत्काळ साखर तपासावी.

दम्याच्या माणसानें, तो दमा बालपणींचा कां असेना, ही हकीकत डॉक्टरांस सांगितल्यावांचून हें औषध घेऊं नये. काचबिंदूचे थेंबहि निरुपद्रवी समजूं नयेत. डोळ्यांतून नाकांत उतरून ते रक्तांत मिसळतात, आणि थेंबांनींहि दम्याची खेंच आल्याचीं उदाहरणें आहेत. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडील कोपरा एकदोन मिनिटें बोटानें दाबून धरावा, म्हणजे हें बरेंच टळतें. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम हीं औषधें ह्याच्या जोडीला आलीं तर नाडी अतिशय मंद होण्याचा धोका असतो. म्हणून दोन डॉक्टरांचीं औषधें चालू असतील तर एकाची चिठ्ठी दुसऱ्यास दाखवावी. थकवा, हातपाय गार पडणें, रात्रीं विचित्र स्वप्नें पडणें, पुरुषत्वाविषयींच्या तक्रारी, हे त्रास कांहींजणांस होतात. संकोच न धरितां ते सांगितले तर औषध किंवा मात्रा बदलतां येते. संकोचानें गुपचूप गोळी बंद करणें हा सर्वांत वाईट मार्ग. नाडी पन्नासाच्या खालीं जाऊं लागली, घेरी आली, धाप लागली वा पाय सुजले तर विलंब न लावितां डॉक्टरांस कळवावें.

आणखी एक घरगुती गोष्ट. वृद्ध माणसास गोळी गिळतां येत नाहीं म्हणून ती खलबत्त्यांत कुटून मधांतून देण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. मेटोप्रोलॉलच्या कांहीं गोळ्या दिवसभर सावकाश विरघळाव्या अशा रीतीनें घडविलेल्या असतात. त्या कुटल्या म्हणजे दिवसभराची मात्रा एकदम रक्तांत उतरते. अशा गोळ्या कुटूं नयेत व चावूंहि नयेत. शस्त्रक्रिया ठरली, दांत काढावयाचा असला, तरीहि ही गोळी चालू आहे हें आधीं सांगावें. आपल्या मनानें ती त्या दिवशीं बंद करूं नये. आणि लहान मुलांच्या हातीं ती लागणार नाहीं अशी जागा पहावी, कारण प्रोप्रॅनोलॉल अधिक मात्रेंत पोटांत गेल्यास फार घातक ठरतें.

ह्या दोन प्रसंगांनंतर आमच्या घरांत कांहीं बदल झाले. पूर्वीं फडताळांतील एका पितळी डब्यांत सर्वांचीं औषधें एकत्र असत. आतां प्रत्येकाची डबी निराळी असून तीवर नांव आहे. फडताळाच्या दाराला आंतून एक कागद चिकटविला आहे. कोणास कोणतें औषध, कितीं वाजतां, कोणास दमा, कोणास मधुमेह, कोणास कशाचें वावडें, हें सारें त्यावर वहिनींनीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें आहे. गांवीं जातांना प्रत्येकजण आठ दिवसांचीं औषधें जास्त घेतो, आणि तीं पिशवींत पडलीं कीं नाहीं हें दुसरें कोणी तरी पाहून घेतें. काका ह्या वर्षीं पुन्हां गणपतीस गेले. निघतांना त्यांनीं आपण होऊन डबी दाखविली व म्हणाले, "लगाम घेतला आहे बरें का!"

पुतणीहि ह्या वर्षीं पुन्हां स्पर्धेस बसली. छाती तेव्हांहि धडधडत होती. आत्याबाईंनीं ह्या खेपेस गोळी दिली नाहीं. त्या तिच्याबरोबर गेल्या, पहिल्या रांगेंत बसल्या, आणि तिचा पहिला षड्ज लागेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिल्या. घरांत सामाईक असावें तें हें. औषध मात्र ज्याचें त्याचें.